पाणकोंबडीचा वंगणाधिकारी

४ फेब्रुवारी, रविवार

सविनय तक्रार अशी की, आज सकाळी प्रस्तुत लेखक अंघोळ करून ओलेत्याने उभा असताना त्याचा पांढरा टॉवेल खुंटीवर नव्हता. खुंटीवर टॉवेलाचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा मागच्या खोलीतल्या बाकावर हातरुमालाएवढ्या तुकड्यांच्या रूपात आढळला. अर्ध्या टॉवेलाने माणूस एक तर पाठ पुसू शकतो, नाहीतर पोट. मी पाठ पुसली आणि पोट ओलं ठेवून न्याय मागायला बाहेर आलो.

विमा कंपनीच्या कचेरीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि त्याआधीचा बराच काळ संस्कृत घोकण्यात. तेव्हा तक्रार कशी मांडावी आणि ती कशी फेटाळतात, दोन्ही मला ठाऊक आहे.

"अगं, माझा टॉवेल?"

"शाफ्ट पुसायला घेतला," ही म्हणाली. "जुनं सुती हवं होतं. नव्या फडक्याचे धागे सुटतात."

"मग अर्धा का सोडलास?"

"तुमचाही विचार करते मी, अहो."

तक्रार फेटाळली. पण दोन मुद्दे उरतातच. एक, तुकड्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या आहेत. जी बाई श्रवणयंत्राच्या दुकानात बसून मुंगीला बसतील असे स्क्रू फिरवते, तिने माझ्या टॉवेलावर कात्री अशी चालवावी, ह्याला अनादर म्हणतात. दोन, उरलेल्या अर्ध्याला रॉकेलचा भपकारा येतोय. तिने तो नाकाला लावून पाहिला आणि म्हणाली, "कुठे? मला तर काही येत नाही." आवडीच्या गोष्टीचा दुर्गंधही प्रेमळ माणसाला येत नाही, असा निष्कर्ष मी काढला.

ही सगळी उठाठेव बोटीसाठी आहे. हाताएवढ्या लांबीची, रिमोटवर चालणारी बोट. सांगाड्यापासून रंगापर्यंत हिने स्वतः बांधलेली. मी 'तरङ्गलङ्घिनी' असं नाव सुचवलं होतं. हिने रंगवलं 'पाणकोंबडी'. गेल्या वर्षी तळ्यावरच्या मोठ्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या पिवळ्या डब्याजवळ पाणकोंबडीचा शाफ्ट नळीत अडकला आणि ती पाण्याच्या मधोमध गप्प झाली. बंद पडलेल्या बोटी आणायला तिथे एक वल्ह्याची होडी असते. तळ्यावरची मंडळी तिला शववाहिका म्हणतात. घरी येईपर्यंत हिने बोट मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"ह्या वर्षी मला शर्यत पूर्ण करायचीय," ती आज म्हणाली. "जिंकायचं राहू दे. मी बांधलेली, मी चालवलेली, शेवटपर्यंत गेलेली. बस."

"नाहीतर पुढच्या वर्षी आहेच की."

"पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं? ह्या वर्षी." मग फडक्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "आणि वंगणाचं काम ह्या वेळी तुम्ही बघा."

मी! ज्याला त्या बाकापाशी फिरकायचीही मुभा नव्हती, कारण तो एकदा सुकाणूवर बसला होता. टॉवेल गेला, पण पद मिळालं. आजपासून मी पाणकोंबडीचा वंगणाधिकारी.

७ फेब्रुवारी, बुधवार

पहिला पाठ. शाफ्ट म्हणजे मोटर आणि मागचा पंखा ह्यांना जोडणारी, तारांच्या पिळाची लवचीक काडी. ती पितळी नळीतून बोटीच्या पोटातून मागे पाण्यात उतरते. नळीत ग्रीस नसलं तर शाफ्ट घासून तापतो, आणि वर पाणी नळीतून चढून बोटीत येतं. म्हणजे एकच ग्रीस मालिशवाल्याचंही काम करतं आणि द्वारपालाचंही. कचेरीत एवढ्या पगारात दोन माणसांचं काम मीही करतो, त्यामुळे ह्या पदार्थाबद्दल मला लगेच आपुलकी वाटली.

मोटरजवळचा बारीक स्क्रू सैल करताना हिच्या हातून तो दोनदा पडला. मी बाकाखाली शिरून शोधून दिला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तुम्हीच काढा. सवय व्हायला हवी." शिकवण्याची ही रीत मला फार आवडली. आमचे गुरुजी पाठ चुकला की नुसते कान पिळायचे.

"आता पंख्याला धरून मागे ओढा. ओढा हो, दात नाही काढताय कुणाचा."

शाफ्ट बाहेर आला. तो फडक्यात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायचा. फडकं कुठे अडकलं तर तिथे पिळातली तार तुटली आहे असं समजायचं. अडकलं नाही. मग ग्रीस. मी उशीत कापूस भरावा तसं भरलं.

ती बराच वेळ बघत राहिली. "शास्त्रीबुवा, शाफ्टला ग्रीस लावायचंय. ग्रीसला शाफ्ट नाही."

जास्त झालं की मोटरला ते ढकलत बसावं लागतं, बॅटरी लवकर संपते, आणि उडालेलं ग्रीस बोटीच्या आतल्या भिंती माखून टाकतं. पिळाच्या खाचा भरतील आणि वर पातळ थर राहील, एवढंच. मग शाफ्ट फिरवत फिरवत आत घालायचा. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. पाचव्या की सहाव्या वेळी ती "हं" म्हणाली. लग्नानंतर माझ्या कुठल्याही कामाला मिळालेला हा सर्वोच्च शेरा.

११ फेब्रुवारी, रविवार

तळ्यावर सराव. धक्क्यावर नेहमीचीच मंडळी. त्यांत अग्रभागी दंतवैद्य: देहाने दाराएवढा, त्याची बोट लालभडक, आणि तिच्या मोटरचा आवाज त्याच्या दवाखान्यातल्या यंत्रासारखाच. ऐकून माझी दाढ आपोआप दुखते. गेली दोन वर्षं हाच पहिला येतो.

"काय शास्त्रीबुवा, बढती मिळाली म्हणे! आज तेल की तूप?"

"ग्रीस. आणि तेही मोजकं."

"अरे वा, वहिनी, शिष्य तयार झाला तुमचा!"

इथे एक रिवाज आहे, तो मला आजवर पोरखेळ वाटायचा. शर्यत संपली की बक्षिसांच्या आधी प्रत्येक बोटीचा शाफ्ट सगळ्यांसमोर बाहेर काढतात, एका पांढऱ्या फडक्यावर पुसतात आणि ती फडकी कठड्यावर ओळीने वाळत घालतात. फडकं काळं आलं तर शाफ्टने नळी खाल्ली, म्हणजे मालकाने हयगय केली. मधाच्या रंगाचं आलं तर देखभाल चोख. पहिला आलेला काळं फडकं घेऊन घरी गेला तर वर्षभर त्याला चहा पिताना ऐकून घ्यावं लागतं. आता ह्या पोरखेळात माझी इज्जत गुंतली आहे, तेव्हा तो पोरखेळ नाही हे मला पटलं आहे.

सराव झाल्यावर मी शाफ्ट काढून पुसला. मधाचा रंग! मी ते फडकं धक्क्यावरच्या प्रत्येकाला दाखवलं, एका अनोळखी बाईलाही. तिच्या कुत्र्याने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं.

घरी आल्यावर लेकीचा फोन. ती दूरच्या गावी नोकरीला. "बाबा, आईचे मेसेज असे काय येतात? परवा 'जेवलीस का' विचारायचं होतं तर नुसते 'जजजजज' आले."

"तुझ्या आईच्या बोटांना ग्रीस लागलेलं असतं," मी म्हणालो.

"ग्रीस तर तू लावतोस ना आता?"

मुलगी वकील व्हायला हवी होती.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

हिलाही बढती! दुकानाच्या मालकाने मागच्या टेबलावरून काढून पुढे काउंटरवर बसवलं आहे. आता दुरुस्ती दुसरं कुणीतरी करेल, ही गिऱ्हाइकांशी बोलेल. मी म्हटलं, "बघ, माणसांत आलीस." ती म्हणाली, "हो, आले." फारसा आनंद दिसला नाही. कर्तबगार माणसांना अधिकारपदाचं अप्रूप नसतं. माझ्यासारख्यांना असतं.

एक बारीक तक्रार. अगदी शब्दशः बारीक. स्क्रूंच्या डब्यांवर हिने नव्या चिठ्ठ्या लावल्या. अक्षर इतकं लहान की भिंगाशिवाय वाचवत नाही, आणि ओळीच्या शेवटी शेवटी ते आणखी लहान होत जातं. शाई वाचवतेस का, असं विचारलं. "जागा वाचवते," म्हणाली. डब्यावर जागा भरपूर होती.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज जे घडलं ते लिहायला हात जड झाला आहे, पण दैनंदिनीत खोटं लिहिलं तर मग ती कचेरीतली पत्रंच झाली.

गेले काही दिवस मी एक गोष्ट पाहत होतो. पंख्याला लागून एक छोटी कडी आहे आणि तिच्यापुढे नळीचा आधार. दोघांमध्ये बारीकशी फट राहते. माझा हा जन्म दुसऱ्यांच्या मजकुरातली भोकं बुजवण्यात गेला आहे. फट दिसली की माझा हात शिवशिवतो. मला वाटलं, हिच्या हातून राहून गेली असेल. काल ग्रीस लावल्यावर मी शाफ्ट पार आत दाबला, कडी आधाराला चिकटवली, स्क्रू आवळला आणि हिला न सांगता मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आज तळ्यावर पाणकोंबडी सुटली आणि दुसऱ्याच वळणावर रडू लागली.

"काहीतरी जळतंय," मी म्हणालो.

"कुठे? मला नाही येत वास."

"अगं, चांगला खरपूस येतोय!"

तिने बोट काठाला आणली. मोटरला हात लावला आणि मागे घेतला. जिला नुसत्या वासावरून कुठलं यंत्र का बिघडलं ते सांगता येतं, तिच्या आधी माझं नाक पोहोचलं, हे त्या गोंधळातही मी अभिमानाने टिपून ठेवलं. पुढचं अभिमानाचं नव्हतं.

"फट कुठे गेली?"

"मी दुरुस्त केली."

"काय केलंत?"

"बुजवली. मला वाटलं, तुझी राहून गेली."

ती खाली दगडावर बसली. "अहो, मोटर जोरात फिरली, भार आला, की पिळाची तार आखडते. लांबी कमी होते. कडी पुढे ओढली जाते. म्हणून तिथे जागा सोडायची असते. काडेपेटीतली काडी बसेल एवढी. मी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. जागा नसली तर ती जाईल कुठे?"

शाफ्ट बाहेर काढला. फडक्यातून ओढला. अडकला. तारा सुटल्या होत्या.

"नवा आणू," मी म्हणालो.

"दुकानात जोडलेला तयार मिळत नाही ह्या मापाचा. घरी सुटी तार आहे, पण तिला पंख्याचा दांडा डाख देऊन जोडायला लागतो. कोण जोडणार?"

"तू. तूच तर जोडला होतास मागचा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काही अतिशय मूर्ख बोललो असावं. "प्रत्येक गोष्ट दुरुस्त करू नका हो तुम्ही," एवढंच म्हणाली. आणि मग, तळ्याकडे बघत, "मला एवढी एकच शर्यत पूर्ण करायचीय."

दंतवैद्य लांब उभा होता. एरवी अशा प्रसंगी तो थट्टा करायची संधी सोडत नाही. आज तो माझ्यापेक्षा तिच्याकडेच बघत होता.

१९ फेब्रुवारी, सोमवार

कचेरीत एका ग्राहकाला लिहिलं, "झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." हे वाक्य मी आजवर हजारो वेळा लिहिलं असेल. आज पहिल्यांदा ते अपुरं वाटलं.

संध्याकाळी काडेपेटीतली एक काडी गूल काढून खिशात ठेवली. आता ती तिथेच राहील.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज मी डाख दिला. मी!

दुपारी बाकापाशी बसलो. तिने सोल्डरिंग गन माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, "कमाल करतेस. मी वाट लावली म्हणून मलाच शिक्षा?" ती म्हणाली, "शिक्षा नाही, परीक्षा. मी सांगते तसं करा." उजवा हात तिने स्वेटरच्या खिशात घातला होता आणि डाव्या हाताने दिवा धरला होता. खोलीत ऊन होतं, तरी तिला थंडी वाजत असावी.

"आधी धातू तापवा. डाख गनवर नाही वितळवायचा, तारेवर वितळू द्या. थांबा. अजून. घाई नको... आता. बघा, प्यायली तार. दिसतंय?"

दिसलं. चांदीसारखा थेंब पिळात शोषला गेला. पहिला जोड पुरीसारखा फुगला, तो मोडला. दुसरा वाकडा बसला. तिसरा तिने दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिला, बोटाने चाचपला.

"हात स्थिर आहे तुमचा," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं इतकी वर्षं."

मला लाजल्यासारखं झालं. बायको आपल्या हाताची स्तुती करते तेव्हा काय म्हणायचं असतं, ह्याचा पाठ आमच्या गुरुजींनी घेतला नव्हता. मी म्हटलं, "लेखणीचा हात आहे." ती हसली, मग तोंड वळवून बराच वेळ फडकी घडी करत बसली. ती फडकी आधीच घडी केलेली होती.

१ मार्च, शुक्रवार

शत्रूपक्षाच्या हालचाली सुरू झाल्या आहेत. कचेरीतून येताना दंतवैद्याने दवाखान्याच्या दारातून हाक मारली. आत नेलं. मला वाटलं, दाढ बघतो की काय. त्याने दार लावलं.

"शास्त्रीबुवा, राग मानू नका. वहिनींचा उजवा हात एकदा दाखवून घ्या कुणाला तरी."

"कशाला?"

"मी दिवसभर हातांनीच काम करतो. माझं लक्ष जातं लोकांच्या हातांकडे. काउंटरवर त्या रिकाम्या बसलेल्या असतात तेव्हा अंगठा बघा त्यांचा. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, नसांचे. मी बोलू का त्यांच्याशी?"

मी म्हणालो, शर्यत जवळ आली असताना प्रतिस्पर्ध्याच्या गोटात शंका पेरणं ह्याला राजनीतीत भेद म्हणतात. साम, दाम, दंड झाल्यावर येतो तो. तुम्ही एकदम चौथ्यावरच आलात.

तो हसला नाही. "बरं," म्हणाला. "तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा."

वाटेत दुकानावरून आलो. ही काउंटरवर होती. मी काचेतून आत न बघता पुढे गेलो. उशीर होत होता.

५ मार्च, मंगळवार

विशेष काही नाही. हिच्या ब्लाउजच्या मागचं हूक मी लावून दिलं. पूर्वी मी नुसता मदत करू पाहायचो तरी ती हात झटकायची. नव्या शाफ्टचा सराव तीनदा झाला, तीनही फडकी मधाच्या रंगाची. काडी जागच्या जागी बसते.

१० मार्च, रविवार

झालं. पाणकोंबडी पोहोचली!

हे आधी लिहून टाकतो, म्हणजे हात सुटा होईल. आता नीट लिहितो.

सकाळी शाफ्ट पुसला, ग्रीस लावलं, फिरवत आत घातला. फटीत काडी घालून पाहिली. स्क्रू आवळला. पुन्हा काडी. ही म्हणाली, "किती वेळा बघाल?" मी म्हटलं, "अधिकारी आहे मी."

धक्क्यावर गर्दी. ऊन स्वच्छ, वारा नाही, पाणी परातीतल्यासारखं सपाट. नियमाप्रमाणे चालवणाऱ्याशेजारी एक मदतनीस उभा राहू शकतो. मी उभा राहिलो. सगळ्या बोटी एकदम सुटल्या, लालभडक बोट पहिल्या वळणालाच पुढे गेली. आमची मधल्या घोळक्यात, शहाण्यासारखी, एका लयीत. आवाज कसा, तर दुपारी शेजारच्या घरी शिवणयंत्र चालावं तसा. तो माझ्या ग्रीसचा आवाज होता. मला तिथल्या प्रत्येकाला धरून सांगावंसं वाटत होतं.

अर्धी शर्यत झाली असेल. सरळ रेषेत पाणकोंबडी डुलू लागली. वळणावर नाही, सरळ रेषेत. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मला वाटलं, सुकाणू सैल झालं. मी बोटीकडे बघत होतो. मग रिमोटकडे पाहिलं. रिमोटचं चाक उजव्या हाताने फिरवायचं असतं.

"अहो," ती मान न वळवता म्हणाली, "माझं मनगट धरा."

"काय?"

"मनगट धरा माझं. घट्ट नको."

मी धरलं. माझ्या मुठीत ते थरथरत होतं. थंडीने थरथरावं तसं नाही, आत काहीतरी एका ठरावीक तालात फिरत असावं तसं. आधी मी घट्टच धरलं, तेव्हा चाक अडलं आणि बोट पिवळ्या डब्याच्या अंगावर जायला निघाली. "जागा ठेवा!" ती म्हणाली. मी मूठ सैल केली. काडी बसेल एवढी. त्या जागेत तिचा हात फिरला आणि माझ्या मुठीच्या कडेला टेकून थांबला. पाणकोंबडी सरळ झाली.

मग आम्ही तसेच उभे राहिलो. चाक तिने फिरवलं, प्रत्येक वळण तिचं, मी फक्त नळी. मागे कुणीतरी खुदकन हसलं. "ह्या वयात हात धरून!" असं कुणी तरी म्हणालं. शेजारी दंतवैद्य स्वतःची बोट चालवत होता. तो दोन पावलं मागे सरकला, त्याच्या त्या दाराएवढ्या देहामागे आम्ही दोघं पार झाकले गेलो. मला आधी वाटलं, तिथून त्याला वळण नीट दिसत असेल. पण तिथून वळण दिसतच नाही. एक वळण त्याला त्यापायी फार लांबून घ्यावंही लागलं.

शेवटची फेरी. पिवळा डबा. गेल्या वर्षी जिथे ती गप्प झाली ती जागा. मी श्वास धरला होता, मनगट धरलं होतं, बाकी काही धरायला उरलं नव्हतं. पाणकोंबडी डब्याला वळसा घालून त्याच शिवणयंत्राच्या आवाजात पुढे निघून गेली. शिट्टी वाजली. आम्ही चौथे आलो. शववाहिका आज आमच्यासाठी हलली नाही.

हिने रिमोट खाली ठेवला. "झाली पूर्ण," म्हणाली. एवढंच. पण डोळे पाणावलेले होते आणि मान ताठ.

नंतर फडकी. सगळ्यांचे शाफ्ट बाहेर निघाले. कठड्यावर एकेक फडकं लागलं. दंतवैद्य पहिला आला होता आणि त्याचं फडकं काजळासारखं. लोकांनी त्याला हवं तेवढं पिडलं. आमचा शाफ्ट माझ्या टॉवेलाच्या तुकड्यावर पुसला: मध. नुसता मध, एक काळा कण नाही. सगळ्यांनी मान्य केलं, आजचं सर्वांत स्वच्छ फडकं पाणकोंबडीचं. हिने माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, "वंगण ह्यांचं. डाखही ह्यांचा."

टाळ्या वाजल्या. मी मान लववली. भाषण तयार होतं, पण ते राहूनच गेलं. निघताना दंतवैद्याजवळ गेलो. तो लाल बोट पुसत होता.

"तुमच्या त्या डॉक्टरांशी बोला," मी म्हणालो.

"कालच बोललो," तो म्हणाला. "बुधवारी या म्हणालेत. मला वाटलं, शर्यत होऊन जाऊ दे."

११ मार्च, सोमवार

कचेरीला निघण्याआधी लिहितो आहे. कालचं फडकं हिने न धुता, उरलेल्या अर्ध्या टॉवेलाशेजारी खुंटीवर अडकवलं आहे. मला ते फार सुंदर दिसतं. पाहुणे आले तर त्यांना हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीघरात न्यायचा माझा विचार आहे.

चहा पिताना मी विचारलं, "कधीपासून?"

तिने कप दोन्ही हातांनी धरला होता. "टॉवेल कापला त्याच्या बरंच आधीपासून. पूर्ण कापायचा होता, पण कात्री धरवेना. म्हणून अर्धाच झाला."

"तू म्हणाली होतीस, तुमचाही विचार करते."

"तोही केला," ती म्हणाली. "कापून झाल्यावर."

आम्ही हसलो. ती खरोखर हसली. लेकीला आज संध्याकाळी फोन करायचं ठरलं. बोलायचं तिने, नंबर लावायचा मी. पुढच्या वर्षीच्या शर्यतीचं नाव तिने काढलं नाही. मीही नाही काढलं.

कालचा दिवस माझ्या आयुष्यातल्या सर्वांत अभिमानाच्या दिवसांपैकी एक होता आणि ते मी खोडणार नाही. पण खरी गोष्ट अशी आहे की मी घाबरलो आहे. बुधवारी डॉक्टर रोगाचं नाव सांगतील, त्या नावाची भीती एवढी नाही. स्क्रू पडला तेव्हा तिने मला स्क्रू दिला, मग ग्रीस दिलं, मग डाख, मग मनगट, आणि दर वेळी मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. ती अशीच एकेक गोष्ट माझ्या हातात देत जाईल, आणि एक दिवस देण्यासारखं तिच्याजवळ काही उरणार नाही. रिमोटही माझ्याच हातात असेल. आणि मला बोट चालवता येत नाही.